पहिल्या क्रमांकाचं आश्वासन

३ नोव्हेंबर

चि. भाऊ यास,

ताईचे आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग ताईची कटकट. वि. वि. तुमच्या बोगद्यावर फोन लागत नाही हे एका परीने बरंच आहे. फोनवर मी चिडले की तू आवाज येत नाही म्हणून ठेवून देतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

इथे नगराध्यक्षाची निवडणूक लागली आहे. मतदान सत्तावीस तारखेला. तीन उमेदवार आहेत आणि तिघांचीही पत्रकं आमच्याच छापखान्यात आली आहेत, कारण मोठं यंत्र गावात आमच्याकडेच. म्हणजे प्रूफं तपासणारी म्हणून तिघांचा शब्द न् शब्द मला वाचावा लागतो, तोही दोनदा. बाकीच्या मतदारांना पत्रक न वाचता त्याची पुडी बांधायची तरी सोय आहे.

पहिले आपले फीतवाले. बारा वर्षं खुर्चीत आहेत आणि जिथे कात्री चालेल तिथे हजर असतात. तू बोगद्यावर गेलास त्याच महिन्यात कालव्यावरच्या पायपुलाची मधली फळी मोडली आणि पूल बंद केला. त्याला तीन वर्षं झाली. तोंडाशी पत्रे ठोकलेत, आणि पत्र्यांसमोर तीन कोनशिला: एक दुरुस्तीच्या शुभारंभाची, एक नूतनीकरणाच्या, एक पुनर्बांधणीच्या. तिन्हींवर यांचं नाव, प्रत्येक वेळी थोडं अधिक ठळक. लोक त्यांवर बसून चपलेतले खडे काढतात. यांच्या पत्रकात म्हटलं आहे की पुलाचं काम प्रगतिपथावर आहे. जुळणी करणाऱ्याने चुकून 'प्रगती पथ्यावर' लावलं होतं. ते दुरुस्त करायला माझा हात उचलेना.

दुसऱ्या प्राध्यापिकाबाई. यांच्यावर माझी भिस्त होती, हे तुला माहीत आहे. निवृत्त झालेल्या, शिकलेल्या, कुणाच्या दावणीला न बांधलेल्या. रविवारी त्या आमच्या गिरणीवस्तीत आल्या. मी घरोघर जाऊन चाळीस माणसं जमवली, शाळेतून खुर्च्या आणवल्या. बाई शहराच्या संकल्पनेवर पाऊण तास बोलल्या. शेवटी माझ्या शेजारच्या शिवणवालीने पुलाचं काय म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, आधी अभ्यासगट नेमू, मग अहवाल मागवू, मग लोकांची मतं घेऊ. आणि मग त्यांनी विचारलं, कुठला पूल. त्या मोटारीतून हमरस्त्याच्या पुलावरून आल्या होत्या. आपल्याला पत्र्याचा आडोसा दिसतो, त्यांना तोही दिसला नव्हता.

शिवणवालीने विचारावं आणि असं उत्तर मिळावं, याचं मला जास्त लागलं. पायपूल चालू होता तेव्हा पलीकडे जायला चारशे पावलं पडायची. आता हमरस्त्याने अडीच किलोमीटर, आणि त्या पुलावर पायी चालणाऱ्याला वीतभर कठडासुद्धा नाही. गेल्या वर्षी ती गणवेशांचं गाठोडं घेऊन शाळेत निघाली होती तेव्हा ट्रकचं चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं. आता ती एका पायाने मशीन चालवते. कुरकुर करत नाही, म्हणून तर मी करते.

आता तिसरे. घोटभर पाणी पिऊन घे. तिसरे आपले जावईबापू, आपल्या धाकट्या चिमीचे यजमान. दंतवैद्याला निवडणुकीची तालीम असतेच म्हणा. समोरच्याला तोंड उघडायला लावून गप्प बसवायचं आणि आपण बोलत राहायचं. मी हसले होते. पण काल त्यांच्या पत्रकाचं पहिलं प्रूफ आलं. आश्वासन क्रमांक एक: कालव्यावरचा पायपूल एका वर्षात खुला करू. एवढंच. एकही विशेषण नाही. भाऊ, बत्तीस वर्षांच्या नोकरीत प्रूफ वाचताना मला पहिल्यांदा चष्मा पुसावा लागला.

बोगद्यातली धूळ छातीत नेऊ नकोस, तोंडाला फडकं बांध. राग शमला की पुन्हा लिहीन, म्हणजे कधी ते सांगता येत नाही.

तुझी ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,

भाऊचा नमस्कार, तोंडाला फडकं बांधून. वि. वि. तुझं पत्र मी इथल्या जेवणघरात मोठ्याने वाचून दाखवलं. प्रगती पथ्यावर आहे हे ऐकून आमचा मुख्य अभियंता इतका हसला की त्याने ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं. आमचंही काम गेले दोन महिने त्याच पथ्यावर आहे.

मोजणीदार म्हणून माझं मत विचारशील तर, एवढ्या लांबीचा पायपूल म्हणजे सहा आठवड्यांचं काम. फळ्या, दोन तुळया आणि पलीकडच्या पायऱ्यांची डागडुजी. त्याला संकल्पनाही लागत नाही आणि कोनशिलाही.

मेहुण्यांबद्दल मात्र जरा सबुरीने घे. माणूस सोन्यासारखा आहे. चिमीच्या लग्नानंतरच्या या सत्तावीस वर्षांत त्यांनी तिला एकदा दुखावल्याचं मला आठवत नाही. पण त्यांनी कुणालाच दुखावल्याचं आठवत नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते. त्यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द तू कधी ऐकलास का? मागे त्यांनी एकाच संध्याकाळी तीन घरची जेवणाची आमंत्रणं घेतली होती. तिन्हीकडे जेवले आणि दोन दिवस आडवे होते. असा माणूस शेजारी म्हणून लाख मोलाचा. पण नगराध्यक्षाने दिवसातून वीस वेळा नाही म्हणायचं असतं.

तरी पहिल्या क्रमांकावर पूल आहे, हे खरंच चांगलं लक्षण आहे. तू उगाच सगळ्यांवर डोळे वटारू नकोस. तिघांतून एक निवडायचा म्हणजे तिघांतला कमी वाईट निवडायचा, हे तूच मला शिकवलं होतंस, मी नोकरी बदलत होतो तेव्हा.

चिमीला माझा आशीर्वाद कळव. आणि तुझ्या रागाची प्रकृती कशी आहे ते कळवत जा.

तुझा भाऊ


१७ नोव्हेंबर

चि. भाऊ यास,

आशीर्वाद. रागाची प्रकृती ठणठणीत आहे.

अकरा तारखेला जावईबापूंच्या पत्रकाचं दुसरं प्रूफ गिऱ्हाइकाकडून तपासून परत आलं. आश्वासन क्रमांक एक खोडलेलं. पट्टी लावून, हिरव्या शाईने, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ. बाकी समासात त्यांचं नेहमीचं गिचमिड होतं, ज्यातून मला कळलं ते एवढंच की दुसरा क्रमांक आता पहिला करायचा. दुसरा क्रमांक म्हणजे कालव्याकाठी व्यापारी संकुल आणि वाहनतळ.

गिऱ्हाइकाचा मजकूर बाहेर बोलायचा नाही, हा छापखान्याचा नियम मी बत्तीस वर्षं पाळला आहे. तो मोडला नाही. पत्रक छापलं, घरोघर वाटलं गेलं, आणि मगच मी त्यांच्या दवाखान्यात गेले. दाढ दुखते म्हणून नंबर लावला, कारण निवडणुकीत ते भेटतात ते फक्त रुग्णांना. खुर्चीत बसवून त्यांनी माझ्या तोंडात आरसा घातला. मी तशाच अवस्थेत पुलाचं विचारलं. ते म्हणाले, ताई, पूल माझ्या मनात आहे, सगळंच काही छापायचं नसतं. मी म्हटलं, मनातलं मत मीही मनातच देईन मग. पण तोंडात आरसा असल्याने ते त्यांना किती कळलं कुणास ठाऊक. दाढ ठीक आहे म्हणाले, आणि शनिवारच्या सभेत मी व्यासपीठावर बसावं म्हणून आग्रह केला.

व्यासपीठावर मी बसले नाही. खाली पाचव्या रांगेत बसले, शिवणवालीशेजारी. ती दोन वेळा वाटेत थांबत, कुबडी घेऊन हमरस्त्याने ते अडीच किलोमीटर चालून आली होती. प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी उभी राहिले. मी एवढंच विचारलं की तुमच्या पत्रकात पायपुलाचा उल्लेख नाही, तर पूल होणार आहे की नाही, एका शब्दात सांगा. जावईबापूंनी घसा साफ केला, पाण्याचा घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेत बसलेल्या त्या इमारती बांधणाऱ्या शेठकडे पाहिलं. म्हणाले, सर्व बाजूंनी विचार करू. मागून कोणीतरी म्हणालं, पुलाला दोनच बाजू असतात. सगळे हसले. पहिल्या रांगेत चिमी बसली होती. ती हसली नाही, मान खाली घालून बसली.

शिवणवालीने कुबडी उचलली आणि निघाली. मी तिच्याबरोबर गेले. घरी पोचायला आम्हाला सव्वा तास लागला. वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, बाई, त्यांना वाईट वाटलेलं दिसलं हो. मला तिचाही राग आला.

मी काय चुकीचं विचारलं, ते तू मला सांग. फीतवाले खोटं बोलतात, प्राध्यापिकाबाईंना दिसत नाही, आणि आपल्या घरच्या माणसाला तोंड असून बोलता येत नाही. यांतला कमी वाईट कसा निवडायचा, त्याची काही मोजपट्टी तुम्हा मोजणीदारांकडे असेल तर पाठवून दे.

तुझी ताई


१९ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. तू आमच्या घरापासून कालव्यापलीकडे चारशे पावलांवर राहतेस, तरी हे पोस्टाने पाठवते आहे, कारण समोर आले तर नीट बोलता येणार नाही.

शनिवारी भर सभेत तू यांना उभं करून विचारलंस. घरचं माणूस म्हणून तुला घरी येऊन विचारता आलं असतं. दवाखान्यात नंबर लावून येण्याची वेळ तुझ्यावर मी कधी आणली? यांनी तुला कायम मान दिला. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, हे ते आल्यागेल्याला सांगतात. त्याचं हे फळ त्यांना मिळालं. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलेलं नाही.

निवडणूक होईपर्यंत तू इकडे येऊ नयेस, हे बरं. तब्येतीस जप.

चिमी


२२ नोव्हेंबर

चि. चिमीस,

दादाचे आशीर्वाद. वि. वि. ताईने मला सभेची हकीगत कळवली, आणि तू तिला लिहिलेलं पत्रही जसंच्या तसं उतरवून पाठवलं. खाली एक ओळ लिहिली आहे: शुद्धलेखन निर्दोष. तिला किती लागलं असेल ते यावरून समज.

मी कुणाचाही कैवार घेत नाही. डोंगराच्या पोटात बसलेल्या माणसाने बाहेरच्या भांडणात पडू नये. ताईने चारचौघांत विचारायला नको होतं, हे मला पटतं. आणि विचारलं ते बरोबर होतं, हेही पटतं. मेहुण्यांसारखं मलाही दोन्हीकडे हो म्हणावंसं वाटतं आहे, तेव्हा त्यांना हसायला मी मोकळा नाही.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र. ताई म्हणते, प्रूफावरची ती ओळ पट्टी लावून खोडलेली होती. चिमे, मी तुझ्या नवऱ्याने लिहिलेली औषधाची चिठ्ठी पाहिली आहे. त्यावरून औषधवाल्याने मला एकदा दातांऐवजी कानाचं औषध दिलं होतं. पट्टी घेऊन रेघ मारणारा तो माणूस नव्हे. आपल्या घरात पट्टीशिवाय रेघ न मारणाऱ्या दोघीच, आणि त्यांतल्या एकीने दुसरीला शिकवलेलं आहे.

वाटलं तर उत्तर दे. न वाटलं तरी ख्यालीखुशाली कळव. तुझ्यावर रागावायला मी एवढ्या लांबून येणार नाही, भाडं फार पडतं.

तुझा दादा


२५ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. तुझं पत्र वाचून मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे कवळ्यांचे साचे वाळत घालतो तिथे, दार लावून बसले. होय, ती रेघ मी मारली.

तुला आमच्या दवाखान्यामागची जमिनीची पट्टी आठवत असेल. पायपूल आमच्या बाजूला तिथेच उतरतो. पट्टी माझ्या सासऱ्यांची, आता यांची. आजवर लोक त्यावरून ये-जा करत आले आणि आम्ही कधी कुणाला अडवलं नाही. त्या शेठला ती हवी आहे. तिथे दुकानं बांधायची आहेत. दुकानं झाली की पायऱ्या जाणार, आणि पायऱ्या गेल्या की पूल कुठे उतरणार? दहा तारखेला दुपारी शेठ जेवायला आला. हात धुताना त्याने यांना विचारलं आणि यांनी हो म्हटलं. त्याच दिवशी टेबलावर पत्रकाचं प्रूफ पडलं होतं, पहिल्याच ओळीत पूल.

मी यांना म्हटलं, दोन्ही कसं होईल? हे म्हणाले, शेठही भला माणूस आहे आणि गिरणीवस्तीचे लोकही भले आहेत, आत्ताच कशाला कुणाला नाराज करायचं, निवडून आलो की मार्ग काढू. दादा, हे खोटं बोलत नव्हते. यांना खरंच वाटत होतं की मार्ग निघेल. म्हणून तर मला जास्त भीती वाटली. फीतवाले खोटं आहे हे जाणून छापतात. हे खरं समजून खोटं छापणार होते, आणि ते ताई वाचणार होती.

यांनी समासात आपल्या दुरुस्त्या केल्या आणि रुग्ण आले म्हणून उठून गेले. मी आखायची पट्टी घेतली. नंतर यांना दाखवलं. यांनी पाहिलं आणि म्हणाले, बरं, तुला योग्य वाटत असेल तर तसं. मलाही नाही म्हणाले नाहीत.

मला वाटलं होतं, ती रेघ पाहून ताई धावत येईल. मला विचारेल. तिने विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, आणि आम्ही दोघींनी मिळून यांना बसवून घेतलं असतं. ती आली, पण दवाखान्यात नंबर लावून आली आणि वर घरी न येता खालूनच गेली. मग सभेत उभी राहिली. सगळे हसले तेव्हा मला कळलं की ते माझ्या रेघेला हसताहेत. ताईला पत्र लिहिलं तेव्हा हे शेजारी बसून होते. मी त्यांची बाजू घेतली, कारण त्यांची बाजू घेणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं.

परवा मतदान. ताईला तू काही कळवू नकोस. सांगायचं ते मीच सांगेन, पण अजून तोंड होत नाही. दंतवैद्याच्या घरात हे म्हणजे जरा जास्तच झालं.

तुझी चिमी


२९ नोव्हेंबर

चि. भाऊ यास,

आशीर्वाद. निकाल आधी सांगते. फीतवाले पुन्हा निवडून आले, प्राध्यापिकाबाईंपेक्षा तीनशे एकोणऐंशी मतं जास्त घेऊन. जावईबापू बऱ्याच अंतराने तिसरे. आणि मतपत्रिकेवर सर्वांत खाली 'यांपैकी कोणीही नाही' अशी ओळ असते, तिला बाराशे सहा मतं पडली. त्यांतलं एक माझं. बत्तीस वर्षं मी लोकांच्या चुका खोडत आले, त्या दिवशी मला पूर्ण पानच खोडायचं होतं.

आता मतदानाचं सांगते. आमच्या वस्तीचं केंद्र पलीकडच्या शाळेत होतं. म्हणजे पूल बंद आहे म्हणून ज्यांना मत द्यायचं, त्यांना मत द्यायलाही अडीच किलोमीटर चालायचं. फीतवाल्यांची गाडी यायची, पण गळ्यात त्यांचा पट्टा घालाल तरच आत घ्यायची. वस्तीत तेवीसशे मतदार, त्यांतले जेमतेम सहाशे पोचले.

सकाळी नऊला माझ्या दारात दवाखान्याची गाडी थांबली. झेंडा नाही, फलक नाही. चिमी चालवत होती. माझ्याकडे न बघता तिने शिवणवालीला हाक मारली, कुबडी मागे ठेवली, तिला पुढे बसवलं आणि घेऊन गेली. मग परत आली आणि समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या जोडप्याला नेलं. अशा अकरा फेऱ्या केल्या तिने. कुणाला मत द्या, हे एकदाही म्हणाली नाही. सहाव्या फेरीला पुढची जागा मोकळी होती. मी जाऊन बसले. गाडी हमरस्त्याला लागली. मग समोर बघतच तिने सांगितलं की रेघ तिची होती.

भाऊ, वेलांटी अर्धा मिलिमीटर सरकली तर मला दिसते. आणि जिच्या हाताला धरून मी रेघ मारायला शिकवली, तिची रेघ मला ओळखता आली नाही. खरं सांगायचं तर मी ओळखायचा प्रयत्नच केला नाही. मला जावईबापूंवर रागवायचं होतं, आणि त्यांच्यावर रागावणं सोपं असतं. मी तिला म्हटलं, मी तुझ्याकडे यायला हवं होतं. ती म्हणाली, हो, यायला हवं होतंस. मागून ट्रकवाला भोंगा वाजवत होता. मग तिने मला ऐकवलं, आणि चांगलं ऐकवलं. मी म्हटलं की प्रश्न मात्र पुन्हा वेळ आली तर पुन्हा विचारीन. ती म्हणाली, विचार, पण आधी घरी येऊन चहा पिऊन जात जा. मागच्या सीटवरचे आजोबा म्हणाले, भांडा, पण गाडी डावीकडून चालवा.

तू हे सगळं आधीच ओळखलं होतंस आणि मला कळवलं नाहीस, हेही तिने सांगितलं. त्याचा हिशेब आपण समोरासमोर करू.

काल फीतवाल्यांच्या आभारपत्रकाचं प्रूफ आलं. गिरणीवस्तीने दिलेल्या भरघोस पाठिंब्याबद्दल आभार. मी 'भरघोस'कडे पाच मिनिटं बघत बसले. शब्द अगदी शुद्ध लिहिलेला होता. मला पुढे जावं लागलं.

तुझी ताई


१२ डिसेंबर

चि. भाऊ यास,

आशीर्वाद. रजेचं काय झालं ते कळव, आणि येशील तेव्हा मोजणीचं सामान घेऊन ये. का, ते सांगते.

काल दुपारी छापखान्याला सुट्टी होती. मी पडद्याला कड घालत बसले होते. दारात जावईबापू. एकटे, पायी. बुटांवर धुळीचा थर, कपाळावर घाम. इतक्या वर्षांत ते माझ्या घरी असे चालत पहिल्यांदाच आले. पूल चालू होता तेव्हाही गाडीनेच यायचे. मी पाणी दिलं. त्यांनी पेला रिकामा केला. मग म्हणाले की सकाळी शेठ आला होता, पट्टीच्या कागदांवर सही घ्यायला, आणि त्यांनी त्याला नाही म्हणून सांगितलं.

मी विचारलं, नाही म्हणजे नाही, की सर्व बाजूंनी विचार करू. ते म्हणाले, नाही. त्यानंतर कुणाच्या दातांना हात लावायचा धीर होईना, म्हणून पुढच्या रुग्णाला त्यांनी परवा यायला सांगितलं. शेठ काय म्हणाला ते विचारलं, तर म्हणाले, काही नाही, बरं म्हणाला आणि गेला. याचंच त्यांना सर्वांत नवल वाटत होतं. आपण नाही म्हटलं तर काहीतरी कोसळेल, असं त्यांना पन्नास वर्षं वाटत आलं होतं. पट्टीवरची वाट लोकांच्या येण्याजाण्यासाठी कायमची खुली, असं लिहून नगरपालिकेला द्यायचं त्यांनी ठरवलं आहे. त्यासाठी मोजणी हवी, आणि फुकटात करणारा मोजणीदार आमच्या ओळखीत एकच आहे.

मग त्यांनी अवघडत विचारलं की मी त्यांना मत दिलं होतं का. मी सांगितलं, नाही. ते म्हणाले, चिमीनेही दिलं नाही, तिने घरी येऊनच सांगितलं. मला वाईट वाटलं. म्हटलं, निदान तुमचं तरी तुम्हाला पडलं असेल. तर ते खाली बघायला लागले. मतदानाच्या आदल्या दिवशी प्राध्यापिकाबाई दात साफ करून घ्यायला आल्या होत्या. जाताना सहज म्हणाल्या, डॉक्टर, आपलं मत मलाच ना. हे हो म्हणून बसले. आणि दिला शब्द मोडायचा कसा, म्हणून बाईंना मत देऊन आले. भाऊ, मी चाळीस वर्षांत इतकी हसले नसेन. सुई बोटात गेली तरी हसणं थांबेना. शेवटी तेही हसले.

निघताना मी त्यांना हमरस्त्याच्या पुलापर्यंत सोडायला गेले. दुपारचे ट्रक सुरू झाले होते. पुलाच्या मध्यावर एक इतका जवळून गेला की त्याचा वारा माझ्या पदराला लागला. जावईबापूंनी माझं कोपर घट्ट धरलं आणि पलीकडे पोचेपर्यंत सोडलं नाही. पलीकडे ते थांबले आणि वळून पुलाकडे पाहत राहिले. त्यांनी मला विचारलं, हे रोज असं असतं का.

भाऊ, हा माणूस या गावाचा नगराध्यक्ष व्हायला निघाला होता. मला खरं तर संतापायला हवं होतं. मी त्यांना सांगितलं की नाही, आज गर्दी कमी आहे, बाजाराच्या दिवशी याहून वाईट असतं. त्यांनी विचारलं, बाजार कधी असतो. मी म्हटलं, सोमवारी. ते म्हणाले, मग सोमवारी मी पुन्हा येतो, पण येताना इथून तुम्ही मला घ्यायला या.

जाणार आहे. तू सामान घेऊन लवकर ये. आमच्या जिव्हाळ्याला तोटा नाही, फक्त तो अडीच किलोमीटरांचा वळसा घालून पोचतो.

तुझी ताई